बाळाचा हात जन्मापासून उचलला जात नाही – कारण काय, आणि कायद्याने काय करता येईल? (इंदूर)

मुक्ता_रामबाग

नमस्कार मंडळी. हा धागा आरोग्यात टाकू की कायद्यात, कळेना. ॲडमिननी हलवला तरी चालेल.

माझ्या भाचीचं बाळंतपण इथेच इंदुरात एका खासगी नर्सिंग होममध्ये झालं. (नाव लिहिणार नाही, विचारूही नका.) पहिलटकरीण. सातव्या महिन्यात साखर वाढलेली निघाली, पथ्यावर ठेवलं होतं. बाळ ४ किलो १०० ग्रॅम. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. मग एकदम धावपळ. एक सिस्टर पोटावर जोर देत होती असं भाची सांगते. बाळ रडलं, पण उजवा हात अंगाला चिकटून, आत वळलेला, तळवा मागे. 'ताण आलाय, येईल हळूहळू' असं सांगून घरी पाठवलं.

आता बाळ अडीच महिन्यांचं आहे. बोटं हलवतो, मूठ धरतो, पण खांदा आणि कोपर ढिम्म. डिस्चार्ज कार्डावर 'नॉर्मल डिलिव्हरी, माता व बाळ सुखरूप' एवढीच ओळ. फाईल मागितली तर 'मॅडम गावाला गेल्या आहेत'.

तिच्या सासूबाईंच्या मते ग्रहणात सुरी हातात घेतली त्याचं फळ. जावईबापू म्हणतात पोलिसांत जाऊ. भाची दोघांच्या मध्ये बसून रडते. मला तीन गोष्टी हव्या आहेत: हे का होतं, यात डॉक्टरांची चूक आहे का हे ठरवायचं कसं, आणि असेल तर जायचं कुठे?

पोहेप्रेमी

वाचतोय.

ग्रहणाचं म्हणाल तर आमच्या मातोश्रींनी ग्रहणात भरली वांगी केली होती. माझ्यात दोष एकच निघाला, मी वांगं खात नाही.

बाळडॉक्टर

मुक्ताताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे, पण बाळाला पाहिलेलं नाही, तेवढं धरून वाचा. तुम्ही लिहिलंय ते वर्णन 'अर्ब्ज पाल्सी'चं वाटतं. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा एक जुडगा असतो. खांदा आईच्या ओटीपोटाच्या हाडामागे अडकला आणि डोकं व मान ताणली गेली की त्यातल्या वरच्या नसा, म्हणजे मानेची पाचवी आणि सहावी, दुखावतात. म्हणून खांदा आणि कोपर जातं, बोटं शाबूत राहतात. बोटं हलताहेत हे चांगलं लक्षण आहे.

बहुतेक बाळांमध्ये नस नुसती ताणलेली असते आणि ती आपली आपण भरून येते. काहींमध्ये ती तुटलेली असते किंवा मुळाशी उपटलेली असते, तिथे वाट बघून काही होत नाही. हा फरक ओळखायची साधी खूण कोपराची. तीन महिन्यांपर्यंत बाळ कोपरातून हात वाकवायला लागलं नाही, तर नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला दाखवायचंच. ऑपरेशन लागलं तर ते पहिल्या वर्षाच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. म्हणजे तुमच्या हातात आत्ता दोन आठवडे आहेत. वकील नंतर, सर्जन आधी.

आणखी तीन गोष्टी बघा. त्याच बाजूची पापणी थोडी पडलेली वाटते का? श्वास जोरजोरात होतो का? कॉलरचं हाड मोडलं होतं का, म्हणजे एक्स-रे काढला होता का?

व्यायामताई

फिजिओथेरपिस्ट आहे, राजेंद्र नगरला राहते. डॉक्टरांशी सहमत, त्यात माझी भर.

घरात मालिशवाली येत असेल तर तिला आजच सांगा की त्या हाताला खेचायचं नाही. 'ओढून मोकळा करते' म्हणणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या आहेत. बाळाला काखेत धरून उचलायचं नाही, एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली. झबलं घालताना आधी उजवी बाही, काढताना उजवी सगळ्यात शेवटी. दूध पाजताना तो हात मागे लोंबकळू द्यायचा नाही, पोटावर आणून ठेवायचा. व्यायाम कोणते आणि किती हे कोणीतरी समोर बसवून शिकवायला हवं, यूट्यूब बघून करू नका. सांधे आखडले की नस भरून आली तरी हात वर जात नाही.

मुक्ता_रामबाग

पापणी ठीक वाटते, श्वासही. एक्स-रे काढलाच नव्हता. मालिशवालीला निरोप गेला. (सासूबाई नाराज.)

सिस्टर_निवृत्त

मी लेबर रूममध्ये उभं आयुष्य काढलंय, म्हणून एक प्रश्न विचारते. भाचीला शांतपणे विचारा: सिस्टरने जोर दिला तो नक्की कुठे? बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या टोकाला? की अगदी खाली, ओटीपोटाच्या हाडाच्या लगेच वर? आणि त्या वेळी दोन्ही पाय गुडघ्यात मुडपून छातीकडे आणले होते का?

हा फरक फार मोठा आहे. खांदा अडकला की पाय छातीशी घ्यायचे, त्याने ओटीपोटाचा कोन बदलतो आणि जागा होते. मग एकीने हाडाच्या वर, अडकलेल्या खांद्यावर, बाजूने दाब द्यायचा. बऱ्याच वेळा एवढ्याने खांदा निसटतो. हे बरोबर आहे, पुस्तकात आहे, आणि बघणाऱ्याला ते 'पोटावर जोर दिला' असंच दिसतं. पण वरून, गर्भाशयाच्या माथ्यावर दाब दिला तर खांदा हाडामागे आणखी रुततो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या प्रसूतीविषयक सूचनांमध्ये तर साध्या बाळंतपणातही असा वरून दाब देऊ नका म्हटलंय. तरी देतात. आमच्या वेळी एक आया टेबलावर गुडघा टेकवून द्यायची, सांगायची सोय नाही.

खांदा अडकला तर डोकं बाहेर आल्याची वेळ, अंग बाहेर आल्याची वेळ, कोणते उपाय कोणत्या क्रमाने केले, कोण कोण हजर होतं, हे लिहून ठेवायचं असतं. ते कार्डावर येत नाही, केसपेपरवर येतं. म्हणून केसपेपर हवा.

सराफा_रात्री_२

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. डॉक्टरांवर केसेस करून करूनच आज उठसूट सिझेरियन होतात. माझी वहिनी गायनॅक आहे. रात्री तीनला उठून जाते, शंभर बाळंतपणं नीट झाली तर कोणी पेढाही आणत नाही, एक बिघडलं की फेसबुकवर फोटो. नसेल झाली काही चूक! कशाला लगेच कोर्ट?

काळा_कोट

वकील आहे, ग्राहक आयोगाची कामं करतो. कोर्टात जाच असं कोणीच म्हटलेलं नाही. पण फाईल मागणं म्हणजे कोर्ट नव्हे. तो पेशंटचा हक्क आहे. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत लिहिलंय की रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने नोंदी मागितल्या की ७२ तासांत द्यायच्या, आणि भरती पेशंटच्या नोंदी ३ वर्षं जपून ठेवायच्या. मॅडम गावाला असोत की चंद्रावर.

तोंडी मागू नका. भाचीच्या सहीचा अर्ज करा, दोन प्रती. एकीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. अर्जात नावं घेऊन मागा: केसपेपर, कळांची नोंद (पार्टोग्राफ), बाळाच्या ठोक्यांचा ग्राफ काढला असेल तर त्याची पट्टी, नर्सिंगच्या नोंदी, संमतीपत्र, बाळाचा कागद, बिल. 'संपूर्ण फाईल द्यावी' असं लिहिलंत तर तेच एक पान परत हातात देतील.

बाळडॉक्टर

@सराफा, तुमचं अर्धं मला पटतं. खांदा अडकणं हा प्रकार आधीपासून नेमका ओळखता येत नाही. जवळपास निम्म्या घटना ४ किलोच्या आतल्या बाळांमध्ये होतात. सोनोग्राफीतलं वजन दहा-पंधरा टक्क्यांनी इकडे-तिकडे जातं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा आईला मधुमेह असेल तर अंदाजे वजन साडेचार किलो झाल्यावरच ठरवून सिझेरियनचा विचार करा म्हणते. तेव्हा '४.१ किलो होतं, सिझेरियन का नाही केलं' एवढ्यावर चूक ठरत नाही.

पण उरलेलं अर्धं पटत नाही. साखर वाढली होती, तर शेवटच्या महिन्यात वाढ तपासली का? हा धोका आईला सांगितला का? आणि बाळाचा हात लुळा दिसत असताना एक्स-रे नाही, फिजिओ नाही, 'तीन महिन्यांनी दाखवा' असं कार्डावर लिहिणं नाही, हे मला खटकतं. इजा टाळता आली नसती असं धरलं, तरी पुढचे अडीच महिने टाळता आले असते.

अबोली

मी फार कमी लिहिते इथे. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या जखमेमुळे हालचालींवर ताबा नसणं). आठव्या महिन्याच्या आधीच झाला, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होता. आमच्या घरी सगळ्यांचं एकच: उशीर केला, ऑक्सिजन कमी पडला, डॉक्टरला सोडू नका. वकिलाकडेही जाऊन आलो. मग एका न्यूरोलॉजिस्टने एमआरआय समोर ठेवून समजावलं की मेंदूतली ही जखम कमी दिवसांच्या बाळांमध्ये दिसणारी आहे, कळांच्या वेळच्या गुदमरण्याची अशी नसते. आम्ही केस केली नाही.

सांगायचं इतकंच की कारण कळल्यावर मला झोप लागली. केस न करताही. कोणीतरी तासभर बसून समजावलं, ते पहिल्याच आठवड्यात झालं असतं तर मी वकिलाची पायरी चढलेच नसते.

बाळडॉक्टर

अबोलीताई, हे लिहिलंत ते बरं झालं. सेरेब्रल पाल्सी म्हणजे बाळंतपणातला घोळ असं लोक धरूनच चालतात. तसं नाही. कमी दिवस, पोटात असतानाचं इन्फेक्शन, मेंदूच्या घडणीतले दोष, जन्मानंतर फार वाढलेली कावीळ, अशी पुष्कळ कारणं आहेत. कळांच्या वेळी ऑक्सिजन तुटणं हे त्यातलं एक.

ते ज्यांच्यात खरंच झालेलं असतं त्यांची चिन्हं वेगळी: नाळेच्या रक्तात आम्ल वाढलेलं, पाच आणि दहा मिनिटांचा अपगार (जन्मल्यावर बाळाच्या तब्येतीला देतात ते गुण) कमी, पहिल्याच दिवशी झटके, बाळ मलूल. अशा पूर्ण दिवसांच्या बाळाला सहा तासांच्या आत थंड करायला सुरुवात केली, म्हणजे अंगाचं तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर ७२ तास ठेवलं, तर मेंदूचं नुकसान कमी होऊ शकतं. तेव्हा 'वेळेवर मोठ्या ठिकाणी पाठवलं का' हा प्रश्न कायद्याचाही आहे आणि डॉक्टरकीचाही.

शिप्राकाठ

आम्ही केस केली आहे, म्हणून लिहितो. गाव आणि हॉस्पिटल सांगत नाही.

बायकोला कळा वाढायचं सलाईन लावलं होतं. रात्रभर ते चालू, बघायला कोणी नाही. सकाळी बाळ निळं. फाईल मिळाली ती वकिलाने उघडली आणि हसला. बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाला लिहिलेले: १४०, १४०, १४०, १४०, पहाटेपर्यंत. सगळे एका पेनाने, एका अक्षरात, एका सरळ रेघेत. शेवटची नोंद बाळ झाल्यानंतरच्या वेळेची! बाळ पाळण्यात आणि यांचं पोटातले ठोके मोजणं चालूच.

आयोगाने आमच्या बाजूने दिलं. हॉस्पिटल अपिलात गेलंय. मात्र अपील करायचं तर निकालाच्या रकमेतली अर्धी आधी भरावी लागते, तेवढा कायदा चांगला आहे. पण वर्षं जातात राव. आणि दर तारखेला ती रात्र पुन्हा सांगायची.

काळा_कोट

हो. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यात तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच, असं लिहिलंय. ते वाचून आम्हीही हसतो. चेन्नईच्या एका कमी दिवसांच्या मुलीची केस आहे. जन्म १९९६ चा. सरकारी रुग्णालयात डोळ्यांचा पडदा तपासायचं राहिलं, दृष्टी गेली. सुप्रीम कोर्टाने सुमारे १ कोटी ८० लाख दिले, पण २०१५ मध्ये.

मुक्ताताईंच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. रस्ते वेगवेगळे आहेत आणि लोक ते एकात एक मिसळतात.

पैसे हवेत, म्हणजे मुलाच्या उपचाराची सोय हवी, तर जिल्हा ग्राहक आयोग. सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या शांता निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज निकालात कोर्टाने मूल आणि आईवडील दोघांनाही ग्राहक मानलं, भरपाई दोघांना वेगळी दिली. २०१९ च्या कायद्यानुसार कोणत्या आयोगात जायचं ते तुम्ही किती भरपाई मागता यावर नाही, किती बिल भरलं यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा. बाळंतपणाचं बिल कुठे पन्नास लाख होतं! बिल ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य. तुम्ही राहता तिथेच दाखल करता येतं. मुदत दोन वर्षं. मूल अज्ञान आहे म्हणून मुदत वाढते असा वाद घालता येतो, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

डॉक्टरचं लायसन्स हा विषय असेल तर भोपाळची राज्य मेडिकल कौन्सिल. तिथे पैसे मिळत नाहीत, पण तिचा निष्कर्ष आयोगात कामी येतो.

आणि जावईबापूंचे पोलीस. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी गुन्हा बसायला घोर, अक्षम्य निष्काळजीपणा लागतो, आणि त्याआधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. या केसमध्ये मी तरी तो रस्ता सुचवणार नाही. ठाण्यात चकरा होतील आणि फाईल आणखी कुलपात जाईल.

ग्वाल्हेरचा_बाळू

आणि सरकारी असेल तर? आमच्या इकडे निम्मी बाळंतपणं सरकारीतच. तिथे बिलच नाही, मग ग्राहक कसले आपण?

काळा_कोट

बरोबर पकडलंत. जिथे सगळ्यांनाच फुकट, तिथे ग्राहक कायदा लागत नाही. जिथे काहींकडून पैसे घेतात आणि गरिबांना फुकट, तिथे फुकटवालेही ग्राहकच. पूर्ण फुकट सरकारी असेल तर दिवाणी दावा किंवा हायकोर्टात रिट (सरकारविरुद्ध थेट अर्ज), इंदूर आणि ग्वाल्हेर दोन्हीकडे खंडपीठ आहे. कागद माहितीच्या अधिकारात मागा. आणि बायका, मुलं, दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. हे कोणी सांगत नाही, कारण सांगितलं तर आमचं कसं चालणार!

पोहेप्रेमी

पहिला वकील पाहिला जो स्वतःचं गिऱ्हाईक घालवतोय. काय भिया, छप्पन दुकानला पोहे माझ्याकडून.

सराफा_रात्री_२

वहिनीला धागा वाचायला दिला. ती म्हणाली सिस्टरबाईंचा प्रश्न बरोबर आहे. आणि म्हणाली की आमच्याकडे खांदा अडकला की बाहेर आल्यावर नातेवाईकांना बसवून सांगतो आणि लिहितो, कारण लिहिलेलं आम्हालाच वाचवतं. तिचा विमाही आहे म्हणे, केस झाली तर विमा कंपनी भरते, घर विकावं लागत नाही. तर माझं 'कशाला लगेच कोर्ट' जरा खाली घेतो. 'लगेच' मात्र कायम.

अबोली

पैशांचं बोलणं चाललंय म्हणून: केस असो-नसो, हात परत आला नाही तर दिव्यांग प्रमाणपत्राचं बघा. आमच्याकडे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे, आणि राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना, वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीही त्यात येते. ती सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांनाच आहे, नुसत्या हाताला मिळणार नाही. पण वाचणाऱ्यांत कोणी असेल. मिळकतकरात दिव्यांग आश्रिताच्या खर्चासाठी ७५ हजारांची वजावट आहे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डीडी), जास्त तीव्र असेल तर सव्वा लाखाची. जुन्या करपद्धतीत राहिलात तरच.

मुक्ता_रामबाग

उशीर झाला, माफ करा. सगळं वाचून दाखवलं घरी, अगदी सासूबाईंना पण.

सर्जनला दाखवलं. त्यांनी हात धरून, बाळाला कुशीवर घेऊन बराच वेळ पाहिलं. कोपरात किंचित हालचाल आहे म्हणाले, आपल्याला दिसत नव्हती. दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय, मग नसांची तपासणी आणि पुढचं ठरेल. फिजिओ सुरू झालं.

फाईल स्पीड पोस्टाच्या अर्जानंतर आली. केसपेपरवर 'खांदा अडकला' हे शब्द आहेत, डोकं बाहेर येण्याची वेळ नाही. पार्टोग्राफचा कागद कोरा. सिस्टरताई, भाचीला विचारलं. तिने हात बरगड्यांच्या खाली ठेवून दाखवला. पाय वर घेतले होते का, आठवत नाही म्हणते. तिची आई दाराशी होती, ती म्हणते पाय सरळच होते.

जावईबापू पोलिसांचं सोडायला तयार आहेत. पण केस करायची की नाही यावर घरात अजून एकमत नाही. भाची म्हणते हात आला तर नको.

सिस्टर_निवृत्त

बरगड्यांच्या खाली. हं.

भाचीला म्हणावं, आठवतंय तेवढं स्वतःच्या अक्षरात आजच लिहून ठेव. तिच्या आईने वेगळं लिहायचं, एकमेकींचं न बघता. खाली तारीख घालायची.

काळा_कोट

हेच. आणि फाईलच्या प्रत्येक पानावर हॉस्पिटलचा शिक्का आहे का बघा, नसेल तर परत नेऊन मारून घ्या. कोरा पार्टोग्राफ तर नक्कीच, नाहीतर उद्या भरलेला निघायचा. पाकीट आणि पोस्टाची पावती फेकू नका. केस करायची की नाही ते ठरवायला दोन वर्षांतले विसेक महिने आहेत, हाताचं काय होतं ते त्यात कळेल. तोवर थेरपीची, रिक्षाची, औषधांची सगळी बिलं एका पिशवीत.

व्यायामताई

आणि बाही उजवीच आधी! सासूबाईंनाही शिकवा, आंघोळ त्याच घालतात ना?

मुक्ता_रामबाग

त्याच घालतात. शिक्क्याचं बघितलं, पहिल्या पानावरच आहे फक्त. सोमवारी जाऊन येते. @काळा_कोट, मूळ प्रत त्यांच्याकडेच राहते ना? आणि शिक्का मारायला नाही म्हणाले तर परत स्पीड पोस्ट?

काळा_कोट

मूळ त्यांच्याकडेच. नाही म्हणाले तर परत स्पीड पोस्ट, सोबत पानांची यादी: पान १ ते अमुक, पार्टोग्राफ पान अमुक, कोरा मिळाला. 'कोरा मिळाला' हे दोन शब्द विसरू नका.